खोलीत पाहिलेलं खोलीत

टाळ्या वाजल्या. तुम्ही वरून पडलात तेव्हा खाली आतल्या अंधारात लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी गोल खोलीत आरसा फिरवायचा दांडा धरून उभी होते. तुम्ही घुमटावर चढून आरसा पुसत होतात, म्हणून चुन्याच्या कट्ट्यावर चित्राच्या जागी नुसता काळा ढग हलत होता. लोक कंटाळले होते. मग ढग एकदम निघून गेला आणि सगळं उघडलं. डोंगराचा उतार, पायऱ्या, जिंतूरकडं जाणारी सडक, सडकेवरची लाल एसटी, मोकळी रानं, सगळं धुऊन काढल्यासारखं. लोक म्हणाले, "वाऽऽ!" आणि टाळ्या. चित्र स्वच्छ झालं कारण तुम्ही आरशापुढून निघून गेला होतात, हे कुणाला कळलं नाही. मलाही कळलं नाही. बाहेर ज्वारीचं पोतं टाकल्यासारखा एक आवाज झाला होता, तो टाळ्यांत बुडाला.

एक चष्मेवाली पोरगी कट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली, "मम्मी, बघ ना, पायऱ्यांवर कुणीतरी झोपलंय."

सगळे हसले. तिचा बाप म्हणाला, "पिऊन पडला असेल."

मी वाकून पाहिलं. नखाएवढा माणूस, पांढरं धोतर, एक पाय अंगाखाली दुमडलेला. घुमटावरून कातळावर आणि कातळावरून घरंगळत तुम्ही पायऱ्यांवर गेला होतात. मी दांडा सोडला आणि दार उघडून बाहेर पळाले. मागून एकजण म्हणाला, "आजी, दार लावा ना, चित्र गेलं!"

मी पोचले तेव्हा तुमचे डोळे उघडे होते, पण तुम्ही माझ्याकडं पाहत नव्हतात. कुणाकडंच पाहत नव्हतात. आयुष्यभर दुसऱ्याला पाहिलंत, आणि मी समोर बसून हाका मारत असताना तुमच्या डोळ्यांत आभाळ होतं. त्या चष्मेवाल्या पोरीच्या बापानं पाण्याची बाटली दिली, आणि दुसऱ्या हातानं मोबाइल धरून सगळ्याचा व्हिडिओ घेत राहिला. त्याच्या बायकोनं त्याला "अहो, नको" म्हटलं. तो म्हणाला, "पोलिसांना लागतं."

रडू मला नंतर आलं. आधी शिसारी आली. ती अजून गेलेली नाही.

त्या दिवशी मी त्या खोलीत पाय ठेवायलाच नको होता. तूर काढली तेव्हापासून मी आत गेले नव्हते, हे तुम्हाला माहीत आहे. मी भाकरी घेऊन वर आले, तर शहरातली माणसं तुम्हाला वेढून उभी. खडी केंद्राची धूळ आरशावर बसलेली. एक पोरगा म्हणत होता, "आजोबा, फोकस मारा ना जरा." तुम्ही हसत होतात. तुम्हाला कुणीही काही म्हटलं की तुम्ही हसायचात.

मी म्हटलं, "शिडी चढू नका. मंगल येऊ द्या, ती पुसंल."

"मंगल बाजारला गेलीय. लोकं उन्हात उभी हाएत. तू आत जा, दांडा धर."

"मी त्या खोलीत येणार न्हाई, सांगितलंय ना तुमाला."

"आजच्या दिवस धर. काय बोलायचं ते खाली आल्यावर बोल."

हे तुमचं शेवटचं बोलणं. तुम्ही खाली आलात ते असे. बोलायचं तसंच राहिलं, म्हणून आता बोलते. तुम्हाला मध्ये हसता येणार नाही, तेवढी सोय झाली.

मी सोनपेठकडची, गोदावरीच्या काठची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. तुमचीही जात तीच, फक्त तुमच्या आज्यानं मेंढरं सोडून हा दांडा धरला. निजामाच्या राज्यात कुण्या तालुकदारानं या डोंगरावर बंगला बांधला आणि बंगल्याशेजारी ही गोल खोली. त्याच्या घरच्या बायका पडद्यातल्या. त्यांना खालची जत्रा पाहायची हौस, पण जत्रेतल्या माणसांनी त्यांना पाहायचं नाही. म्हणून साहेबानं विलायतेहून भिंग आणि आरसा आणवला. छपरावरचा आरसा खालचं सगळं पकडतो, भिंग ते खाली सोडतं, आणि अंधारात घोटीव चुन्याच्या कट्ट्यावर जत्रा चालते, रंगासकट, आवाजाशिवाय. दांडा फिरवला की आरसा फिरतो, आरसा फिरला की गाव फिरतं. तुमच्या आज्याला तिथं नेमलं आणि बेगमेनं त्याला आण घातली. खोलीत पाहिलेलं खोलीत. खाली जाऊन कुणी काय पाहिलं, कुणाला पाहिलं, हे बोलायचं नाही.

बंगला पडला. दगड लोकांनी घरं बांधायला नेले. खोली राहिली आणि आण राहिली.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी देवाला नारळ फोडून सासूबाईंनी मला त्या खोलीत नेलं. आपल्याकडं प्रत्येक नव्या नवरीला नेतात. तुम्ही दांडा फिरवून आपलं घर कट्ट्यावर आणलंत. सासूबाई म्हणाल्या, "पदर पसर, घर घे." मी कट्ट्यावर पदर धरला, आणि माझ्या पदरात आपलं घर आलं. दारातली शेळी, वाळत घातलेलं धोतर, अंगणात बसलेले सासरे. सासऱ्यांनी मान खाजवली. माझ्या पदरात बसून. मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, मला ते लय आवडलं होतं.

मग तुम्ही मला खूष करायला दांडा आणखी फिरवलात. विहिरीच्या कडेला एक बाई आंघोळ करत होती. मी तोंड फिरवलं.

मी विचारलं, "तिला ठावं हाय का, आपण बघायलोत ते?"

"न्हाई."

"मंग आपण चोर हाव."

तुम्ही हसलात. "चोर काहीतरी उचलून नेतो. आपण काय नेलं तिचं?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं. पुढं त्यात मीठमसाला पडत गेला, पण भांडण तेच. माझा बापही पाहायचा. टेकाडावर काठीला टेकून दिवसभर पाहायचा. पण लांडगा दिसला की तो ओरडत धावायचा, दगड मारायचा, कुत्री सोडायचा. त्याचं पाहणं राखायला होतं. लांडगा आलेला पाहून जो गप्प बसतो त्याला आमच्याकडं मेंढपाळ म्हणत नाहीत. तुम्ही म्हणायचात, "माणसं काय मेंढरं हाएत का?" मी म्हणायचे, "मेंढरासारखी बिनआवाजाची तर तुमीच करून ठेवलीत." असं आपण भाकरी खाताना भांडायचो, आणि भांडून झालं की तुम्ही माझ्या ताटात कांदा फोडून ठेवायचात.

आपल्या मंगलला तुम्ही डोंगराखालच्या गावात दिलंत. तिच्या नवऱ्याला, गंगाधरला, विहिरीची जमीन होती, घर होतं, गोठा होता. पण तुमचं मन बसलं ते वेगळ्याच गोष्टीवर. तुम्ही म्हणालात, "दांडा फिरवला की पोरगी दिसंल." मलाही ते पटलं. पोरीला लांब देऊन डोळे फुटेपर्यंत वाट पाहणाऱ्या आया मी पाहिल्या होत्या. आपली पोर रोज दिसणार. लग्नानंतर तुम्ही तिला खोलीत नेलंत, गंगाधरचं घर कट्ट्यावर आणलंत, आणि तिनं हिरव्या पदरात ते झेललं. घर, गोठा, विहीर, गोठ्यापुढचं अंगण. तुम्हीच दांडा धरला होता. तुमच्या हातानं ते अंगण तिच्या पदरात पडलं.

मंगल गाठोडं घेऊन परत आली तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत. मी विचारलं. तिनं पाठ दाखवली. मी ती पाठ तेलानं चोळली, आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला पंच बोलवायला लावलं.

पंच मारुतीच्या पारावर बसले. गंगाधर पांढराशुभ्र शर्ट घालून आला. म्हणाला, "तोंडाळ हाय. रागाच्या भरात निघून येती. मी बोट लावलं असंल तर शेतात इतकी माणसं राबतात, कुणीतरी पाहिलं असंलच की. ज्यानं पाहिलं त्यानं म्होरं यावं." आणि त्यानं सगळ्यांकडं एकेक करून पाहिलं. मंगल म्हणाली, "पाठ दाखवू का?" एक पंच म्हणाला, "बाई, म्हशीनं गोठ्यात दाबलं तरी वळ उठतात." माणसं हसली. तुम्ही पाराच्या कडेला बसून काडीनं मातीत रेघा ओढत होतात.

मला वाटलं, बापाचं मन आहे, बोलवत नसेल.

सोडचिठ्ठी झाली. गंगाधरनं दुसरी केली. आपल्या मंगलला सगळ्या गावात एकच नाव पडलं. नांदली नाही. लग्नाला गेलं की तिला हळदीपासून बाजूला बसवायचे. नवरीला खोलीत आणलं की सांगायचे, "दांडा मंगलच्या हाती नको, म्हाताऱ्याला धरू द्या." तिच्या केसांत पांढरं आलं तरी ते चाललंच.

तुमचं चांगलं तेही सांगते, नाहीतर मी खोटी पडेन. तुम्ही कधी माझ्यावर हात उगारला नाहीत. मला ताप आला की चूल पेटवायचात, भांडी घासायचात, आणि कुणी पाहिलं तरी लाजायचा नाहीत. मंगल परत आल्यावर तिला बोल लावायला पाहुणे आले, तर तुम्ही त्यांच्यापुढं चहाचे कप ठेवून म्हणालात, "चहा घ्या आन निघा." तिला दांडा शिकवलात. देवस्थानची समिती म्हणाली, बाईच्या हाती खोली नको, तेव्हा तुम्ही म्हणालात, "खोली बायांसाठीच बांधलीय." तुम्ही चांगले होतात. हेच मला सोसत नाही. वाईट माणूस असता तर मी दोन शिव्या देऊन मोकळी झाले असते.

मागच्या तुरीच्या वेळी आपण अंगणात तूर झोडपत होतो. मंगल वर होती. तुम्ही हात थांबवलात आणि म्हणालात, "मंगलची माय, मी पाहिलं होतं त्ये."

"काय पाहिलं?"

"गंगाधर तिला मारायचा ते. दाव्यानं. गोठ्याम्होरं. कट्ट्यावर दिसायचं."

दावं म्हणजे बैल बांधायचा दोर. मी विचारलं, "कवा?"

"लय येळा."

माझ्या हातात झोडपायची काठी होती. ती मी खाली ठेवली, कारण हातात राहिली असती तर मी ती तुमच्यावर चालवली असती.

"आन पंचात? पाहणाऱ्यानं म्होरं यावं म्हणला त्यो, तवा?"

"खोलीतलं होतं त्ये. आज्याची आण हाय."

"तुमच्या आज्याला आण बेगमेनं घातली. बाईची अब्रू झाकायला घातली. तुमी ती बाईला मारणाऱ्यावर पांघरलीत."

तुम्ही सांडलेल्या शेंगा गोळा करत म्हणालात, "मला बघवायचं न्हाई. मी दांडा फिरवून घ्यायचो."

पोर मार खायला लागली की तुम्ही दांडा फिरवून आलेल्या माणसांना देवळाचं शिखर दाखवायचात. खाली यायला वेळ लागत नव्हता. तुमचे पाय तेव्हा धड होते. तुम्ही ओरडला असतात तरी त्या शांत दुपारी खाली ऐकू गेलं असतं. तुम्ही शिखर दाखवलंत. लोकांनी तिथंही टाळ्या वाजवल्या असतील.

मी म्हटलं, "मंगलला तुमी सांगा. मी सांगणार न्हाई." तुम्ही म्हणालात, "सांगतो." कापूस निघाला, गहू निघाला, तुमचं सांगणं निघालं नाही. म्हणून मी त्या खोलीत पाय ठेवला नाही, आणि म्हणून त्या दिवशी शिडीखाली उभी राहून मी पुन्हा त्यावरच येणार होते. "खाली आल्यावर बोल." बरं.

तुम्हाला आम्ही ओढ्याकाठी नेलं. तुम्हाला वाटेल साधं झालं असेल. नाही. गंगाधर आता समितीचा अध्यक्ष आहे, रचलेल्या लाकडांपुढं उभं राहून त्यानं भाषण केलं. रुमालानं डोळे पुसले. म्हणाला, "दादा गेले, डोंगर पोरका झाला." दादा म्हणाला तुम्हाला. मंगल म्हणते तसं. मी त्याच्या तोंडाकडं पाहत राहिले.

चिता पेटली आणि लोकांत कुजबुज झाली. एका पोराच्या मोबाइलवर व्हिडिओ आला होता. तो मोबाइल हातोहात मंगलकडं आणि माझ्याकडं आला. गावातली काही टवाळ पोरं वर गेली होती, खोली उघडून दांडा आमच्याकडं फिरवला होता, आणि चुन्याच्या कट्ट्यावर तुमची चिता पाहत होती. नखाएवढी चिता, नखाएवढा जाळ. एकजण पेटत्या चितेखाली तळहात धरून म्हणत होता, "बघ, हातावर जाळ!" कडेला पांढऱ्या डोक्याची एक बाई उभी होती. ती मी. मला तेव्हा कळलं, त्या विहिरीवरच्या बाईला कळलं असतं तर कसं वाटलं असतं.

मंगल डोंगर चढून गेली. तिनं पोरांना काय केलं ते तिनं सांगितलं नाही, पण एकाचा कान दोन दिवस सुजलेला होता. येताना आरसा घेऊन आली.

आरसा तुम्ही रोज संध्याकाळी घरी आणायचात; तुम्ही पडलात त्या दिवशी तो वरच राहिला होता. पूर्वीचा एक माकडांनी फोडला होता, तेव्हापासून लाल फडक्यात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवायची रीत पडली. मंगलनं तो तसाच देवांशेजारी ठेवला. आणि घरात सुतक. सुतकात देवाला हात लावायचा नाही. जन्मात पहिल्यांदा मला सुतकाचा उपयोग झाला.

समितीची माणसं दारात येऊन उभी राहायची. "आरसा द्या काकू, सुट्ट्या चालू हाएत, पब्लिक येऊन परत जायलीय."

"सुतक हाय."

"आरसा म्हंजे काय देव हाय का?"

"देवात ठेवलाय. तुमी उचला. अध्यक्षाला म्हणावं तू उचल."

कुणी उचलला नाही. देवाला भितात. बाकी कशाला भीत नाहीत.

सुतकाच्या त्या दिवसांत मी मंगलला सांगितलं. तुम्ही सांगायचं ते मी सांगितलं. ती शेंगा फोडत होती. तिनं फोडायचं थांबवलं नाही.

म्हणाली, "मला ठावं होतं, माय."

"कसं?"

"दादांनी दांडा शिकिवला तवाच कळलं. तिथून गोठा लय साफ दिसतो."

"मंग बोलली का न्हाईस त्यांना?"

"म्हणलं, दादा आपणहून बोलतील."

इतकी वर्षं ती तुमच्याशेजारी दांडा धरून उभी राहिली, तुमचा डबा भरला, तुमचे पाय चेपले, आणि वाट पाहिली. तुम्हाला कधी दिसलं नाही ते. जिंतूरची एसटी दिसायची.

तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी खोलीपुढं श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठेवला गेला. पायऱ्यांच्या तोंडाशी फ्लेक्स. त्यावर तुमचा फोटो, शेजारी त्याच्या दुप्पट गंगाधरचा, हात जोडलेला. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: सारं पाहिलं, पण कुणाचं वाईट कधी बोलले नाहीत. मी चौथी शिकलेली बाई, एकेक अक्षर लावून वाचलं. मग पुन्हा वाचलं. तुमच्या गप्प बसण्याला त्यानं हार घातला होता. तुम्ही त्याच्यासाठी जे केलंत त्याचे त्यानं उघड आभार मानले होते, आणि सगळं गाव त्यापुढं चपला काढून उभं होतं.

मी मंगलला म्हटलं, "आरसा घे."

वर पाहुणे होते, पंचांतला एक म्हातारा होता, गावातल्या बायका होत्या. गंगाधरची दुसरी बायको रुक्मिण कोपऱ्यात पदर घेऊन उभी होती. पोखर्णीच्या नरसिंहाचं दर्शन करून फिरायला आलेली चार माणसंही होती. गंगाधर पुढं आला. "काकू, दोन शब्द बोलता का दादांवर?"

मी म्हटलं, "एकेकाळी मामी म्हणायचास. चल, आत चल. त्यांच्यावर बोलायचं ते आतच बोलायचं असतं."

लोक आत आले. मंगलनं वर चढून आरसा बसवला, खाली येऊन दार लावलं, दांडा धरला. कट्ट्यावर सडक आली, रानं आली, मग गंगाधरचं घर आलं. तिथं तिनं दांडा थांबवला. घर, विहीर, गोठा, गोठ्यापुढचं अंगण. एक कोंबडी फिरत होती, तीसुद्धा ओळखू येत होती.

कुणीतरी म्हणालं, "अध्यक्षसाहेबांचा वाडा!" एकदोन टाळ्या.

मी म्हटलं, "टाळ्या ठेवा. ह्या अंगणात ह्या माणसानं माझ्या मंगलला दाव्यानं मारलं. एकदा न्हाई. तिचा बाप हितं उभा राहून ते पाहायचा. पंचात ज्यानं पाहिलं त्यानं म्होरं यावं म्हणला होता हा. पाहणारा गप्प बसला. तो मेला. म्हणून मी म्होरं आले. फलकावर लिहिलंय, वाईट बोलले न्हाईत. बोलले न्हाईत हे खरं हाय. वाईट झालं नव्हतं असं न्हाई."

अंधारात गंगाधरचा आवाज आला. "दुःखानं भ्रमिष्ट झालीय म्हातारी. मेलेल्याची साक्ष काढती. दार उघडा."

दाराजवळ मंगल होती. ती म्हणाली, "माझी पाठ जिती हाय. पंचांनी तवा पाहिली न्हाई, आता बघा म्हणावं."

तो म्हातारा पंच खाकरला. मग कोपऱ्यातून बारीक आवाज आला, इतका बारीक की आधी मला वाटलं बाहेरून आला.

"त्ये दावं अजून हाय. गोठ्यात खुंटीला."

रुक्मिण होती. अंधार होता म्हणून बोलली. उजेडात कुणी बोललं नसतं. त्या खोलीचा एवढा एकच चांगला उपयोग झालेला मी पाहिला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दार उघडलं आणि माणसं डोळे चोळत बाहेर गेली. एकमेकांकडं पाहत नव्हती. गंगाधर चपला न घालताच पायऱ्या उतरला. पोखर्णीहून आलेल्या माणसांतल्या बाईनं जाताना मंगलच्या हाताला हात लावला. तिचा नवरा म्हणाला, "चल, आपल्याला काय करायचंय." त्यालाही मी विसरणार नाही.

पुढं काय, ते विचारू नका. गावात निम्मे म्हणतात म्हातारी खरं बोलली, निम्मे म्हणतात तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी असं बोलायचं असतं का. फ्लेक्स तिथंच आहे. समिती मंगलला काढायचं म्हणते आहे, आणि आरसा आमच्या देव्हाऱ्यात आहे. मंगलनं एक गोष्ट ठरवलीय. तिच्या हाती दांडा राहिला तर कट्ट्यावर जे दिसेल ते ती ओरडून सांगणार. मी म्हटलं, "ओरडलीस तर पडद्यातल्या बायकांची अब्रू?" ती म्हणाली, "पडद्यातल्या बायका मेल्या, माय."

तुमची मला आठवण येते का? येते. सकाळी चुलीपुढं येते, कांदा फोडताना येते. तुम्ही मेलात याचं दुःख आहे आणि तुम्ही न बोलता मेलात याची किळस आहे, आणि दोन्ही एकाच ताटात वाढून मी जेवते. क्षमा करा असं मी म्हणणार नाही, केली असंही म्हणणार नाही. क्षमा करणारी मी नव्हे. ज्यांना मारलं त्या आहेत, त्यांना विचारावं लागेल, आणि तुम्हाला आता विचारता येत नाही.

कार्यक्रमानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी रुक्मिण गाठोडं घेऊन आपल्या ओट्यावर येऊन बसली. मंगलनं तिला पाणी दिलं. ती प्याली. मग मंगल तिच्याशेजारी ओट्यावर बसली.

दोघींनाही त्याच दाव्यानं मारलं. दोघी जिवंत आहेत.